वेगवान हालचालींचे छायाचित्रण : ठाणे आणि नवी मुंबईतील नवशिक्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील मैदानांवर कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटची छायाचित्रे मी गेली बरीच वर्षे काढत आलो आहे. सीमारेषेबाहेर बैठक मारली की नवा कॅमेरा गळ्यात अडकवलेले कोणी ना कोणी शेजारी येऊन बसते आणि थोड्याफार फरकाने तेच प्रश्न विचारते. त्या प्रश्नांची मी देत आलेली उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

माझी धावत्या खेळाडूंची सगळी छायाचित्रे अस्पष्ट येतात. कॅमेऱ्यात काही दोष आहे का?

कॅमेऱ्यात दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. अस्पष्टता तीन निरनिराळ्या कारणांनी येते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी निदान करावे. छायाचित्र पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहा. मागची भिंत, गवत, खांब असे सगळेच एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर तुमचा हात हलला आहे. भिंत स्वच्छ आहे, खेळाडूचे धडही बऱ्यापैकी स्वच्छ आहे आणि केवळ हात-पाय पुसट झाले आहेत, तर शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, त्या हालचालीपेक्षा हळू होता. खेळाडू सर्वांगाने मऊ दिसतो आहे, पण त्याच्या दोन हात मागे बसलेल्या प्रेक्षकाच्या शर्टावरची बटणे मोजता येत आहेत, तर फोकस चुकला आहे. नवशिके बहुतेक वेळा तिसऱ्या कारणावर दुसऱ्याचा उपाय करतात, म्हणजे शटर वाढवत जातात, आणि छायाचित्र सुधारत नाही म्हणून निराश होतात.

शटरचा वेग नेमका किती ठेवावा?

पाठ करण्यासाठी तक्ते पुष्कळ मिळतील, पण त्यामागचे गणित एकदा समजून घेतले तर तक्त्याची गरज उरत नाही. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने जाणारी वस्तू १/१००० सेकंदात १ सेंटीमीटर सरकते. सेकंदाला ५ मीटर धावणारे मूल १/२५० वर २ सेंटीमीटर सरकेल, म्हणजे त्याचे डोळे आणि ओठ पुसट होतील. तेच १/१००० वर केवळ ५ मिलिमीटर सरकेल आणि चेहरा स्वच्छ येईल. ताशी १२६ किलोमीटरने टाकलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३५ मीटर जातो, त्यामुळे १/१००० वर तो साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मा, लांबट दिसतो. तो गोल दिसायला हवा असेल तर १/२००० किंवा त्याहून जलद शटर लागतो.

यात दोन गोष्टी विसरू नयेत. धावणाऱ्याचे धड ज्या वेगाने पुढे जाते त्याच्या दुपटीच्या आसपास वेगाने त्याचा पुढे येणारा पाय झेपावत असतो, म्हणून धड स्वच्छ आणि पाऊल पुसट हे दृश्य इतके नेहमीचे आहे. दुसरे म्हणजे दिशा. तुमच्या समोरून आडवा जाणारा खेळाडू जितका पुसट होतो तितका तुमच्याच दिशेने धावत येणारा होत नाही. प्रकाश कमी असेल तेव्हा जागा बदलून खेळाडूच्या समोर जाणे हा शटर वाढवण्याइतकाच उपयोगी उपाय आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. सुरुवात म्हणून मैदानी खेळांसाठी १/१००० धरावे आणि तेथून वर-खाली व्हावे.

माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे. मग हळू शटर चालणार नाही का?

चालणार नाही. ती सोय तुमच्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाला थांबवत नाही.

कॅमेरा कोणत्या मोडवर ठेवावा?

पहिले काही महिने शटर-प्राधान्य मोड पुरेसा आहे. निकॉन आणि सोनीच्या डायलवर तो ‘एस’ या अक्षराने आणि कॅननच्या डायलवर ‘टीव्ही’ या अक्षरांनी दाखवलेला असतो. शटर तुम्ही ठरवायचा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, कॅमेरा ठरवतो. एफचा आकडा जितका लहान तितके हे छिद्र मोठे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ‘ऑटो’वर ठेवून त्याची वरची मर्यादा आपणच घालून द्यावी. कडक उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ २०० वर १/१६०० च्या आसपास शटर सहज मिळतो, त्यामुळे सकाळच्या सत्रात हा प्रश्न फारसा भेडसावत नाही.

थोडा हात बसल्यावर मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी वापरून पाहा. शटर आणि ॲपर्चर दोन्ही आपल्या हाती राहतात आणि ढग आला किंवा खेळाडू झाडाच्या सावलीत शिरला की आयएसओ आपोआप सावरून घेतो.

रात्रीच्या सामन्यांत छायाचित्रे काळी तरी येतात, नाहीतर पुसट तरी. काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्यात आश्चर्य नाही, कारण आपल्याकडचे कबड्डीचे सामने प्रामुख्याने संध्याकाळनंतर, चार-सहा दिव्यांच्या उजेडात होतात. डोळ्यांना तो उजेड भरपूर वाटतो, पण डोळे सरावलेले असतात. कॅमेऱ्याला मात्र तो दुपारच्या उन्हाच्या शेकडो पटींनी कमी मिळतो.

माझ्या पहिल्या रात्रीच्या सामन्याची गोष्ट सांगतो. कळव्यातल्या एका मैदानावर, कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ची लेन्स लावून, कोणीतरी सांगितले होते म्हणून मी १/१००० वर अडून बसलो. लेन्स पूर्ण पुढे सरकवली की तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नव्हते आणि आयएसओची मर्यादा मी १६००वर बांधून ठेवली होती. घरी आल्यावर साडेतीनशे छायाचित्रांपैकी एकातही चेहरा ओळखू येत नव्हता. संगणकावर उजळवली तेव्हा सावल्यांतून आडवे पट्टे वर आले. अंतिम सामन्यातली शेवटची चढाई त्यांत होती, एका मुलाने अंगावर तिघे असताना मध्यरेषेला बोटे टेकवली होती, आणि त्या बोटांच्या जागी माझ्याकडे एक करडा डाग आहे. ते छायाचित्र मी अजून पुसलेले नाही.

आता हिशेब पाहा. अशा मैदानावर एफ/१.८, आयएसओ ३२०० आणि १/८०० अशी मांडणी साधारण जमते. त्याच उजेडात, त्याच आयएसओवर एफ/५.६ ची लेन्स लावली तर शटर १/८० वर घसरतो, कारण एफ/१.८ चे छिद्र एफ/५.६ च्या जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते. म्हणूनच नवशिक्याने कॅमेरा बदलण्याआधी ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. कॅमेरे बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. तिला झूम नाही हे खरे, पण कबड्डीचे क्रीडांगण पुरुषांसाठी १३ बाय १० मीटरचे असते आणि त्याच्या कडेला बसणाऱ्याला ५० मिलिमीटर पुरते.

आयएसओ वाढवला की चित्रात दाणे येतात, याची नवशिक्यांना नको तितकी भीती असते. दाणेदार पण स्वच्छ छायाचित्र संगणकावर सुधारता येते आणि वर्तमानपत्रातही छापता येते. पुसट छायाचित्राला मात्र उपाय नाही. दाणे आणि पुसटपणा यांत निवड करायची वेळ आली तर प्रत्येक वेळी दाणे निवडा.

दिव्याखाली काढलेल्या सलग छायाचित्रांत एक पिवळे, एक अंधारे, एक व्यवस्थित असे का येते?

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे मैदानावरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद आणि प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/१००० चा शटर त्या दर १० मिलिसेकंदांच्या चढउतारातला एकच मिलिसेकंद उचलतो. तो प्रखर सापडला तर चित्र उजळ, मंद सापडला तर अंधारे आणि रंग बदललेले. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ नावाची सोय असते. ती सुरू केली की कॅमेरा प्रखर क्षणाची वाट पाहून शटर सोडतो. ती नसेल तर एका वेळी तीन-चार छायाचित्रे सलग काढावीत, म्हणजे त्यांतले एक तरी बरे सापडते.

फोकस दर वेळी मागच्या प्रेक्षकांवर जातो. तो खेळाडूवर कसा ठेवावा?

कॅमेरा विकत घेतल्यावर तो सहसा स्थिर वस्तूंसाठीच्या फोकसवर, किंवा स्वतःच निर्णय घेणाऱ्या फोकसवर लावलेला असतो. शटरचे बटण अर्धे दाबले की अंतर ठरते आणि तेथेच गोठते. खेळाडू मात्र तोवर मीटरभर पुढे आलेला असतो. यासाठी सलग फोकस लागतो. निकॉन आणि सोनीत त्याला ‘एएफ-सी’ म्हणतात, कॅननमध्ये ‘एआय सर्व्हो’ किंवा नुसते ‘सर्व्हो’. बटण अर्धे दाबून ठेवले असेपर्यंत हा फोकस वस्तूचा पाठलाग करत राहतो.

यानंतर फोकसचे बिंदू. सगळे बिंदू एकदम चालू ठेवले तर जुने कॅमेरे जे सर्वांत जवळ किंवा सर्वांत ठळक असेल ते पकडतात आणि खेळाडूच्या मागे लावलेला भडक रंगाचा बॅनर त्यांना फार आवडतो. मधला एक बिंदू, किंवा त्याच्या भोवतीचा लहानसा गट निवडा आणि तो खेळाडूच्या छातीवर धरून ठेवण्याचा सराव करा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळे ओळखण्याची सोय असते आणि ती एकट्या खेळाडूवर उत्तम चालते, परंतु सात जणांची साखळी एकमेकांत गुंतली की ती एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. तेव्हा पुन्हा लहान गटावर यावे.

फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून पाठीमागच्या बटणावर देण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. पहिला आठवडा अंगठा गोंधळतो. मी तरीही ती सवय लावून घ्यावी असे म्हणेन, कारण पंच मध्ये आला की अंगठा उचलायचा आणि तो गेला की पुन्हा टेकवायचा, इतके ते सोपे होते.

सलग छायाचित्रे काढण्याचा बर्स्ट मोड लावला की नेमका क्षण मिळेल ना?

मिळेलच असे नाही. कॅनन १५००डी सारखा सुरुवातीचा कॅमेरा सेकंदाला ३ छायाचित्रे काढतो. दोन छायाचित्रांमध्ये सेकंदाचा तिसरा भाग जातो आणि तेवढ्या वेळात ३५ मीटरच्या वेगाचा चेंडू जवळजवळ पावणेबारा मीटर, म्हणजे खेळपट्टीच्या निम्म्याहून अधिक अंतर कापतो. एका छायाचित्रात तो गोलंदाजाच्या हातात आणि पुढच्यात अर्धी खेळपट्टी ओलांडून गेलेला असे सहज होते. सेकंदाला १० किंवा २० छायाचित्रे काढणाऱ्या कॅमेऱ्यातही क्षण दोन चौकटींच्या मध्ये निसटतोच.

शिवाय बफर, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी छायाचित्रे साठवणारी कॅमेऱ्यातली जागा, भरतो. २४ मेगापिक्सेलची रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ, फाइल साधारण २५ ते ३० मेगाबाइटची असते. सेकंदाला १० काढल्या तर दर सेकंदाला अडीचशे ते तीनशे मेगाबाइट जमा होतात, आणि ‘व्ही३०’ असे लिहिलेले कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याचीच हमी देते. कॅमेरा अडखळतो आणि तो नेमका पकड होते तेव्हाच अडखळतो. सरावाच्या काळात जेपेग, म्हणजे आकाराने लहान केलेली फाइल, ठेवा आणि बटण दाबून धरण्याऐवजी दोन-तीन छायाचित्रांचे छोटे झटके द्या.

मग नेमका क्षण सापडतो तरी कसा?

या सगळ्या प्रश्नांत मला हाच खरा वाटतो. कॅमेऱ्याची मांडणी पंधरा दिवसांत येते. खेळ कुठे वळणार आणि कुठे क्षणभर थांबणार हे ओळखायला मात्र खेळाजवळ बसावे लागते.

क्षण दिसला आणि मग बटण दाबले तर तो गेलेला असतो, कारण डोळ्याने पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग जातो आणि त्यानंतर शटर उघडायलाही थोडा वेळ लागतो. म्हणून बटण क्षणाच्या आधी दाबावे लागते, आणि आधी दाबायचे तर पुढे काय होणार हे ठाऊक असावे लागते. ज्या मुलांनी स्वतः कबड्डी खेळलेली असते ती पहिल्याच महिन्यात माझ्यापेक्षा चांगल्या पकडी टिपतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

प्रत्येक वेगवान हालचालीत एक संथ जागा असते. उडी मारणारा माणूस वर जाताना हळू होत जातो, शिखरावर त्याचा वर जाण्याचा वेग शून्य होतो आणि मग तो खाली येऊ लागतो. शिखराच्या आधीचा एक दशांश सेकंद आणि नंतरचा एक दशांश सेकंद, एवढ्या अवधीत तो पाच सेंटीमीटरहून कमी वर-खाली होतो. व्हॉलीबॉलमधला स्मॅश, बॅडमिंटनमधली उडी, मल्लखांबावरची पकड सुटण्याआधीचा तोल, गोलंदाजाची शेवटची झेप, या सगळ्यांत ही जागा आहे. तेथे १/५०० सुद्धा पुरतो आणि मुद्राही सर्वांत ताणलेली असते. कमी उजेडात जलद शटर मिळत नसेल तर या जागा शोधाव्यात.

डोळ्यांवर फार विसंबू नये याचे एक जुने उदाहरण आहे. धावत्या घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. चित्रकार अशा घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवीत. १८७८ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि घोड्याच्या धावेने दोरे ओढले जाऊन ते एकामागून एक चालतील अशी योजना केली. चारही खूर हवेत असतात हे खरे निघाले, पण पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शतकानुशतके घोडे पाहणाऱ्यांना जे दिसले नव्हते ते त्या छायाचित्रांत दिसले. आपणही घरी आल्यावर आपली छायाचित्रे अशाच उत्सुकतेने पाहावीत : कोणत्या क्षणी चेहरा उघडा होतो, कोणत्या क्षणी हात आड येतो, हे तेथे कळते आणि पुढच्या सामन्यात उपयोगी पडते.

कबड्डी आणि खो-खो टिपताना कुठे बसावे?

कबड्डीत मी क्रीडांगणाच्या कोपऱ्याजवळ, अंतिम रेषेच्या बाहेर, जमिनीवर बसतो. समजा तुम्ही ‘अ’ संघाच्या बाजूला बसला आहात. ‘अ’ चा चढाईपटू पलीकडे जातो तेव्हा त्याची पाठ दिसते, पण बचाव करणाऱ्यांचे चेहरे समोर असतात. आणि तो पकड तोडून मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचा चेहरा, पसरलेला हात आणि कंबरेला लटकलेले बचावपटू असे सगळे तुमच्याकडे तोंड करून येते. पुढच्या चढाईत ‘ब’ चा खेळाडू तुमच्या दिशेने येतो आणि ‘निदान रेषा’, म्हणजे मध्यरेषेनंतरची पहिली आडवी रेषा, ओलांडून बोनससाठी पाय टाकताना समोरून मिळतो. चढाई ३० सेकंदांची असते आणि शेवटच्या दहा सेकंदांत काहीतरी घडतेच, म्हणून त्या वेळी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेऊ नये. मातीवरचा सामना असेल तर बचावपटूच्या टाचेमागे उडणारी धूळ पाहा. उजेड मागून येत असेल तर ती धूळच अर्धे छायाचित्र बनवते.

खो-खोत खांबाजवळची जागा सर्वांत चांगली. एकदा दिशा पकडल्यावर पाठलाग करणाऱ्याला खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही, त्यामुळे खेळ पुन्हा पुन्हा खांबाशी येऊन वळतो. खांबाला हात घालून सूर मारणारा खेळाडू तुमच्यापासून ठरलेल्या अंतरावर येतो, म्हणजे तेथे फोकस आधीच लावून ठेवता येतो. सुराच्या रेषेत मात्र बसू नका. मैदानाची मोकळी ठेवायची जागा मोकळीच ठेवा. कॅमेऱ्यावर आदळून खेळाडू जखमी झाला तर त्याची भरपाई होत नाही.

दोन्ही खेळांत उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. खाली बसल्याने खेळाडू आभाळासमोर येतो, मागची गर्दी कमी होते आणि उडीची उंची दिसते.

मागचे दृश्य वेगाने पळते आहे आणि सायकलस्वार स्वच्छ आहे, असे छायाचित्र कसे काढतात?

त्याला पॅनिंग म्हणतात. त्यात शटर मुद्दाम हळू, १/६० किंवा १/३० ठेवतात आणि कॅमेरा वस्तूबरोबर फिरवतात. पाय खांद्याइतके फाकवून, वस्तू जेथे टिपायची आहे तिकडे पावले रोखून घट्ट उभे राहावे, कंबरेतून आधीच मागे वळावे आणि वस्तू लांबून येतानाच चौकटीत घेऊन कंबरेनेच तिच्याबरोबर फिरत यावे. बटण दाबल्यावरही फिरणे थांबवू नये. बहुतेक चुका येथे होतात.

सरावाला पाम बीच मार्गावरचे सकाळचे सायकलस्वार उत्तम, कारण ते एका सरळ रेषेत आणि बऱ्यापैकी एकसारख्या वेगाने जातात. रस्त्यावर न उतरता पदपथावरूनच उभे राहावे. ठाण्यात गल्लीतल्या रिक्षाही चालतील. पहिल्या दिवशी १/१२५ वर सुरू करा, मग १/६० आणि जमू लागले की १/३०. शंभरांत पाच चांगली आली तर सराव नीट चालला आहे असे समजावे.

दहीहंडीत काय काळजी घ्यावी?

ठाण्याची दहीहंडी टिपण्याची प्रत्येक नव्या छायाचित्रकाराची इच्छा असते. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचून १३.३४ मीटर उंची गाठली होती आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. एवढ्या उंचीच्या मनोऱ्यापासून १० मीटरवर उभे राहिलात तर मान जवळजवळ ५० अंश वर करावी लागते, वरच्या गोविंदाचे तळवेच दिसतात आणि मागे पांढरे आभाळ येऊन चेहरे काळे पडतात. मागे सरकून २० मीटरवर गेलात तर कोन ३० अंशांवर येतो. म्हणून दूर जावे, शक्य असेल तर परवानगी घेऊन एखाद्या पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जावे आणि ७०-३०० मिलिमीटरसारखी, लांबचे जवळ आणणारी लेन्स वापरावी. आभाळ ढगाळ असेल तर एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, एक पायरी वाढवून ठेवा.

थर रचण्याचे काम संथ असते. वेग येतो तो मनोरा कोसळताना. तेव्हा १/१००० लागतो. परंतु माझे स्वतःचे लक्ष वरच्या थरापेक्षा खालच्या थराकडे अधिक जाते. खांद्यावर पाय रोवलेले, डोळे मिटलेले, दात आवळलेले ते चेहरे १/२५० वरही स्वच्छ येतात आणि सगळा भार त्यांच्यावर आहे हे त्यांत दिसते. कोणी जखमी झाले तर कॅमेरा खाली ठेवून वाट मोकळी करून द्यावी.

खाडीतल्या फ्लेमिंगोंचे उड्डाण टिपायचे आहे. कधी आणि कसे जावे?

ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. हिवाळ्यापासून साधारण मेपर्यंत पक्षी येथे असतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येते आणि फेऱ्यांची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीने तो चिखल झाकला गेला की थवे नेरुळ-सीवूड्स परिसरातल्या पाणथळींवर येऊन विसावतात. त्यामुळे जमिनीवरून छायाचित्रे काढायची असतील तर घड्याळापेक्षा भरतीचे वेळापत्रक पाहून निघावे.

उड्डाणासाठी १/१६०० ठेवा, सलग फोकस आणि बिंदूंचा मोठा गट निवडा, कारण मागे मोकळे आभाळ असल्याने फोकस भरकटत नाही. फ्लेमिंगो उडण्याआधी पाण्यावर काही पावले धावतो. मान पुढे ताणून त्याने पावले टाकायला सुरुवात केली की बटण दाबायची वेळ झाली. पंखांतला गुलाबी-लाल आणि काळा रंग ते उघडल्यावरच दिसतो, म्हणून हे उड्डाण पाहण्यासारखे असते. पण त्यासाठी टाळ्या वाजवून, दगड फेकून किंवा ड्रोन उडवून थवा उठवणे सर्वथा गैर आहे. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती ते पक्षी अशा वेळी उगाच खर्च करतात. थांबा, ते आपल्या वेळेने उठतील.

फ्लॅश वापरावा का?

खेळात वापरू नये. खेळाडूचे डोळे दिपतात, अनेक ठिकाणी त्याला मनाई असते आणि कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा उजेड तीन-चार मीटरपलीकडे फारसा पोचतही नाही. शिवाय त्याच्याबरोबर शटर बहुधा १/२०० किंवा १/२५० च्या वर जात नाही.

फोनवर हे सारे जमेल का?

भर उन्हात पुष्कळ जमते, कारण फोन स्वतःच जलद शटर निवडतो. उजेड कमी झाला की तो शटर हळू करतो आणि अनेक चित्रे एकत्र जोडतो, त्यामुळे धावत्या माणसाला तीन हात फुटल्यासारखे दिसतात. प्रो मोड असेल तर शटर आपण ठरवावा, बर्स्ट वापरावा आणि झूम करण्याऐवजी जवळ जावे. क्षण ओळखण्याचा सराव फोनवरही तेवढाच होतो.

मूक शटर वापरले तर बॅट वाकलेली का दिसते?

मूक शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. तो चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शेवटची ओळ वाचेपर्यंत बॅट पुढे गेलेली असते. सोनीच्या ए९ थ्री सारखे सगळ्या ओळी एकदम वाचणारे कॅमेरे अलीकडे आले आहेत, पण ते महाग आहेत. आपण यांत्रिक शटर वापरावा.

पावसाळ्यात कॅमेरा बाहेर काढावा का?

जरूर काढावा. चिखलातला फुटबॉल आणि भर पावसात धावली जाणारी ठाण्याची वर्षा मॅरेथॉन यांच्यासारखे विषय इतर ऋतूंत मिळत नाहीत. पावसाचे मोठे थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने पडतात. १/१००० वर ते मण्यांसारखे गोठतात आणि १/१२५ वर सात सेंटीमीटरच्या रेघा होतात. मला रेघा आवडतात, कारण त्यांतून पाऊस पडतो आहे हे कळते. पण मग धावणारा पुसट होतो, म्हणून १/५०० वर तडजोड करावी.

दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरते भोक आणि एक रबरबँड एवढ्यावर निभावते. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर बाष्प धरते. तो बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा. घरी आल्यावर पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो.

मोठ्या सामन्यांना कॅमेरा घेऊन जाता येतो का?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. तेव्हापासून अशा सामन्यांना जाऊन छायाचित्रे काढण्याची इच्छा मुलींकडूनही मोठ्या उमेदीने ऐकायला मिळते, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु लेन्स बदलता येणारा कॅमेरा प्रेक्षकांना सहसा आत नेऊ देत नाहीत आणि गॅलरीतून दिसणारे खेळाडू फार लांब असतात. त्याऐवजी मुलींचा सराव जेथे चालतो त्या मैदानाच्या प्रशिक्षकांना भेटावे. दोन-तीन वेळा येऊन नुसते बसलात आणि काढलेली छायाचित्रे नेऊन दिलीत की पुढे कोणी अडवत नाही.

परवानगी कोणाची घ्यावी?

स्पर्धेत संयोजकांची, सरावात प्रशिक्षकांची आणि मुलांच्या बाबतीत पालकांचीही. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा कपडे अस्ताव्यस्त झालेल्या मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, मग ती कितीही चांगली आलेली असोत. मी अशी छायाचित्रे मैदानावरून निघण्याआधीच पुसतो.

आठशे छायाचित्रांतून निवड कशी करावी?

पहिल्या फेरीत केवळ स्पष्टता पाहा आणि पुसट असलेली काढून टाका. दुसऱ्या फेरीत चेहरा, चेंडू किंवा पकड यांपैकी निदान दोन गोष्टी दिसतात का ते पाहा. आठशेंतून वीस उरली तर ती पुष्कळ झाली. त्या वीसांच्या शेजारी, थोडक्यात हुकलेली पाच छायाचित्रेही वेगळी ठेवा आणि प्रत्येकाखाली लिहा की बटण उशिरा दाबले, जागा चुकली, की फोकस गेला. पुढच्या रविवारी मैदानावर जाण्याआधी ती पाच पुन्हा एकदा पाहून निघा.